शिवरंजनी सहा फ्रेट सरकवून बघ

प्रश्न परभणीच्या एका मुलाचा आहे. थोडक्यात असा: "सात वर्षं गिटार वाजवतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि भीमगीतांच्या कार्यक्रमांत साथ करतो. वर्षभरापासून जॅझ ऐकतोय. वेस माँटगोमरी, जो पास, मॅक्लॉफ्लिनची 'शक्ती' असं सगळं. मेजर स्केलचे सातही मोड पाठ आहेत, साठेक स्केलची एक पीडीएफ उतरवून घेतली आहे. तरी सोलो घेतला की पाढे म्हटल्यासारखा वाटतो. जॅझसाठी वेगळी, अनवट स्केल आणि कॉर्ड कोणती, यादी द्या."

तुला तू म्हणतो, माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा असशील. यादी देणार नाही. साठ स्केलची यादी खिशात घेऊनच तू अडलायस, तिथं एकसष्टावं काय करणार?

तुझ्या प्रश्नातला खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. तू जे स्केल वाजवतोस ते त्याच्या स्वतःच्या सा पासून ऐकतोस, खालून जाणाऱ्या कॉर्डच्या नात्यानं ऐकत नाहीस. यात तुझी चूक नाही, आपला कानच तसा घडलाय. मी अंबाजोगाईकडच्या खेड्यात वडिलांच्या भजनी मंडळात पेटीवर वाढलो. काळी चार धरली की काकड्यापासून भैरवीपर्यंत सा तोच. अभंग बदलेल, चाल बदलेल, बुवांचा घसा बदलेल, सा हलणार नाही. जॅझमध्ये पायाखालची जमीनच दर दोन-चार मात्रांनी सरकते. आणि तू एकाच दमात वेस माँटगोमरी आणि 'शक्ती' ही दोन नावं घेतलीस. वेस अमेरिकन जॅझ गिटारवादक, 'शक्ती' हा मॅक्लॉफ्लिनचा भारतीय वादकांबरोबरचा गट. ते दोन वेगळे मुलूख आहेत. 'शक्ती'त सा बहुतेक वेळ स्थिर असतो. मॅक्लॉफ्लिननं त्यासाठी आडव्या तरफांच्या तारा लावलेली, फ्रेटमधलं लाकूड खोलगट केलेली गिटारच बनवून घेतली होती. तिथं तुला राग आणि लय लागते, कॉर्डच्या कोलांट्या फारशा नाहीत. वेसच्या वाटेनं जायचं तर सरकता सा पचवावा लागतो. तुझी अडचण या दुसऱ्या वाटेवरची आहे असं धरून पुढचं लिहितो.

माझी फजिती आधी सांगतो. विशीत असताना पुण्याच्या एका हॉटेलात महिनाभर वाजवायला मिळालं. मी नुकतंच ऑल्टर्ड स्केल, म्हणजे कॉर्डभोवतीचे स्वर मुद्दाम कोमल-तीव्र करून घेतलेलं स्केल, शिकलो होतो, मग काय, दर जी सेव्हनवर (जी, बी, डी, एफ ही कॉर्ड) ते खालून वरपर्यंत सात स्वर धडाधड. चार दिवसांनी बासवाले काका सिगरेट विझवत म्हणाले, "एसटी निघून गेल्यावर तू स्टँडवर पोचतोस." मला आधी वाटलं लयीबद्दल बोलतायत. लय ठीक होती. मी सातवा स्वर गाठेपर्यंत कॉर्ड सी वर गेलेली असायची आणि मी जी चे तिखट स्वर सी वर सांडत बसायचो.

आता हिशेब कर. मध्यम लय धर, मिनिटाला १२० ठोके. चार ठोक्यांच्या एका मापात दोन कॉर्ड असतील तर एकेका कॉर्डला दोन ठोके, म्हणजे एक सेकंद. त्यात आठव्या भागाचे, म्हणजे अर्ध्या ठोक्याचे, स्वर मावतात चार. सात स्वरांचं स्केल तिथं मावतच नाही! मग प्रश्न कोणतं स्केल हा उरत नाही. कोणते चार स्वर आणि पाचवा कुठं पडणार, एवढाच उरतो.

हे चार स्वर ज्यातून निवडायचे ते पाच तुझ्याकडं आहेत. शिवरंजनी तुला येते, ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला ती येतेच. सा रे कोमल ग प ध. इथं मी राग म्हणत नाहीये, फक्त हे पाच स्वर म्हणतोय. जॅझमध्ये हे पाच स्वर वापरून कुणी 'मी शिवरंजनी वाजवली' म्हणालं तर त्याला एखाद्या गायकासमोर बसवावं.

डी ला सा मान. पाचव्या तारेवर फ्रेट ५, ७, ८. चौथ्यावर ७, ९. तिसऱ्यावर ७, ९, १०. दुसऱ्यावर १०, १२. पहिल्यावर १०, १२, १३. तीन-दोन-तीन-दोन-तीन असा घाट आहे, दुसऱ्या तारेपाशी ट्यूनिंगमुळं थोडा पुढं सरकतो एवढंच. हे स्वर डी मायनरवर वाजव, तुझी ओळखीची शिवरंजनी. आता बोटं न हलवता खाली जी सेव्हन लाव. तेच पाच स्वर जी च्या नजरेतून प, ध, कोमल नी, रे, शुद्ध ग झाले. रडवेपणा गेला, खमाज अंगाचा मोकळेपणा आला. पुस्तकी भाषेत नववा (रे) आणि तेरावा (ध) स्वर असलेली जी सेव्हन.

आता हाच घाट सहा फ्रेट सरकव. सा झाला ए फ्लॅट. खाली जी सेव्हनच ठेव. जी च्या नजरेतून आता काय मिळालं? कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, कोमल ध, कोमल नी. दोन्ही ग, आणि रे-ध दोन्ही कोमल. जे 'ऑल्टर्ड' म्हणून तुझ्या पीडीएफमध्ये अवघड नावानं लिहिलंय, त्याचा अर्क हाच. ए फ्लॅटच्या शिवरंजनीत शुद्ध म आणि शुद्ध नी घातलास की पटदीपचे सातही स्वर होतात, ज्याला तिकडं मेलोडिक मायनर म्हणतात, आणि त्याच्या सातव्या स्वरावरून मोजलं की ऑल्टर्ड स्केल. पण घालायची घाई नको. त्या दोनातला नी म्हणजे जी स्वतःच, तो बास वाजवतोच आहे. पाच पुरतात.

हे का चालतं, तर जी सेव्हनमध्ये बी आणि एफ यांची सगळी ओढ असते. बी ला सी वर जायचंय, एफ ला ई वर. ते दोन्ही या शिवरंजनीत आहेत, म्हणजे कॉर्डचा पीळ शाबूत. उरलेले तीन स्वर सी कॉर्डच्या आसपास अर्ध्या सुराच्या अंतरावर उभे आहेत: ए फ्लॅट जी वर उतरतो, बी फ्लॅट ए वर, ई फ्लॅट डी वर नाहीतर ई वर. पाचही जण दाराशी चपला घालून तयार. म्हणून ते तिखट लागतात आणि म्हणूनच पुढच्या कॉर्डवर पोचल्यावर बरं वाटतं. पोचलाच नाहीस तर नुसती जळजळ.

हे हातावर घे. डी मायनर सेव्हन दोन ठोके, जी सेव्हन दोन ठोके, मग सी मेजर. पाचवी तार ५, ७, ८, चौथी तार ७. हे झालं डी च्या शिवरंजनीचं सा रे ग प. लगेच तिसरी तार ८, चौथी तार ९, ८, ६. हे ए फ्लॅटच्या शिवरंजनीचं प ग रे सा. आणि सी च्या पहिल्या ठोक्याला चौथी तार ५.

नऊ स्वर. सावकाश वाजव, मिनिटाला ६० ठोक्यांनी. 'प ग रे सा' ही उतरण आपल्या कानात एवढी मुरलेली आहे की सा आला म्हणजे वाक्य संपलं असं वाटतं. आणि तेवढ्यात तो सा पायाखालून निसटून एक फ्रेट खाली, जी वर बसतो. मला जॅझ कळलं ते या अर्ध्या सुराच्या घसरणीत. त्या आधी फक्त पाठ होतं.

आता तिसरी जागा. सी मेजरवर पोचल्यावर तीच शिवरंजनी ए पासून घे: ए, बी, सी, ई, एफ शार्प. सी च्या नजरेतून ध, नी, सा, ग आणि तीव्र म. तीव्र म मुळं सी मेजरला कल्याण अंगाची हवा लागते. घाट हाताशीच आहे. डी पाचव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, ए फ्लॅट सहाव्या तारेच्या चौथ्यावर, ए सहाव्याच्या पाचव्यावर. हात जागचा न हलवता तीन शिवरंजनी, तीन कॉर्ड. मायनरमध्ये जायचं असेल, म्हणजे बी हाफ-डिमिनिश्ड, ई सेव्हन, ए मायनर, तर अनुक्रमे डी, एफ आणि ए ची शिवरंजनी. डी-एफ-ए ही स्वतःच डी मायनर कॉर्ड आहे, लक्षात ठेवायला सोपी.

कुठं वाजवायचं आणि कुठं नाही, हे मात्र इथं बसून ठरवता येणार नाही. तुझ्या मागे कोण बसलंय त्यावर ते आहे. ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला जी ची कॉर्ड दोन्ही हातांनी प सकट दाबून धरतो. त्यावर तू कोमल ध धरलास तर प आणि कोमल ध एकमेकांना ओरबाडतात, आणि प्रेक्षक तुझ्याकडंच बघतात. तो नववा किंवा तेरावा शुद्ध वाजवत असेल तर डी चीच शिवरंजनी ठेव. कोमल रे किंवा दोन्ही ग वाजवत असेल तर ए फ्लॅट. नुसता बास आणि ड्रम असतील तर तुझं राज्य. गाणं कोणतं हेही बघ. भीमगीताच्या साथीत कोरस उचलून धरायचा असतो. तिथं ऑल्टर्ड स्वर टाकून मी एकदा शाहिरांच्या शिव्या खाल्ल्यात, आणि त्या रास्त होत्या.

कॉर्डकडं वळू. 'अनवट कॉर्ड' म्हणून लोक पाच फ्रेट ताणणाऱ्या बोटांच्या कसरती शोधतात. तू आत्ता गिटार घे आणि जाड तारेपासून पाच मोकळ्या तारा छेड: ई, ए, डी, जी, बी. पहिली सोड. तीन चौथी अंतरं आणि वर एक मेजर तिसरं. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधल्या पहिल्या तुकड्यात बिल इव्हान्स पियानोवर जी दोन कॉर्डांची जोडी वाजवतो, त्यातली पहिली नेमकी याच स्वरांची आहे. दुसरी एक सूर खाली: डी, जी, सी, एफ, ए. म्हणजे दहाव्या फ्रेटवर पाच तारांवर आडवं बोट. पियानोवाल्याला हे शोधावं लागलं, आपल्याला ते ट्यूनिंगमध्येच फुकट मिळालंय! डी मायनर चालू असताना हे आडवं बोट दहावरून बारावर आणि परत दहावर नेऊन बघ.

दुसरी गोष्ट याहून कामाची. जी सेव्हन तीन बोटांत धर: सहाव्या तारेवर ३, चौथ्यावर ३, तिसऱ्यावर ४. पाचवी बंद. सा, कोमल नी, ग, एवढंच. आता दुसऱ्या तारेवर ५ ठेवलास तर शुद्ध ध, ४ ठेवलास तर कोमल ध. पहिल्या तारेवर ५ म्हणजे शुद्ध रे, ४ म्हणजे कोमल रे, ६ म्हणजे कोमल ग. खालची तीन बोटं जागची हलवायची नाहीत, वरच्या दोन तारांवर फिरायचं. बोटं पुरत नसतील तर सहावी तार सोड, बासवाला कशासाठी आहे? अर्धा डझन 'अवघड' कॉर्ड इथंच झाल्या आणि त्यांची नावं पाठ करायची गरज पडली नाही. मग कोमल ध वाल्या आकारावरून, म्हणजे सहावी ३, चौथी ३, तिसरी ४, दुसरी ४ वरून, सी वर जा: पाचवी ३, चौथी २, तिसरी ४, दुसरी ३. एफ चा ई झाला, ई फ्लॅटचा डी झाला, बी बसल्या जागी राहिला. सोलोमध्ये जी घसरण ऐकलीस तीच इथं कॉर्डमध्ये आहे. विद्यार्थ्यांना मी सोलो आणि कॉर्ड वेगळ्या दिवशी शिकवत नाही ते यासाठीच.

शिवरंजनी मुरली की आपल्याकडचेच अजून दोन-तीन स्वरसमूह उपयोगी पडतात. ब्लूजवर जोग. चढताना शुद्ध ग, उतरताना कोमल ग, वर कोमल नी. दोन्ही ग असलेली सेव्हन्थ कॉर्ड ब्लूजची लाडकी आहेच. तिसऱ्या तारेवर कोमल ग थोडा खेचून शुद्धच्या अलीकडं अर्धवट सोडला तर तो मिसिसिपीचा की आपल्या गल्लीतला हे सांगता येत नाही. सी मायनरकडं जाणाऱ्या जी सेव्हनवर चारुकेशी. सी मेजरकडं जाणाऱ्या जी सेव्हनवर अहिर भैरव: कोमल रे आणि शुद्ध ध एकत्र, आंबटगोड कॉर्ड.

पण अहिर भैरवात एक खड्डा आहे, तो सांगायलाच हवा. रागात मध्यम हा विसाव्याचा स्वर. गायक तिथं रेंगाळतो आणि सुंदर दिसतो, कारण खाली तानपुऱ्यात ग कुणी दाबून धरलेला नसतो. जी सेव्हनमध्ये मात्र ग, म्हणजे बी, ही कॉर्डची जान आहे. त्यावर तू सी धरून बसलास की अर्ध्या सुराची खडखड होते आणि शिवाय ज्या सी वर पोचायचं तो आधीच उघड करून टाकतोस. तेच स्वर, तोच क्रम, फक्त न्यास, म्हणजे थांबायची जागा, बदलावा लागतो. राग जसाच्या तसा कॉर्डवर ठेवता येत नाही असं जुने लोक म्हणतात ते या अर्थानं खरं आहे. म्हणून मध्यमावरून जा, थांबू नकोस.

डिमिनिश्ड स्केल, अर्धा-पूर्ण-अर्धा-पूर्ण वालं, तुझ्या पीडीएफमध्ये असणार. ते दर तीन फ्रेटला स्वतःचीच पुनरावृत्ती करतं, त्यामुळं सगळी मिळून तीनच आहेत, आणि त्यामुळंच ते यंत्रासारखं वाजतं. मी त्यातून सरळ ताना घेत नाही. जी सेव्हनवर त्यात चार मेजर त्रिकुटं, म्हणजे तीन स्वरांच्या साध्या कॉर्ड, लपलेली आहेत: जी, बी फ्लॅट, डी फ्लॅट, ई. मी ई चं त्रिकुट घेतो, मग बी फ्लॅटचं, आणि सी वर उतरतो. होल टोन तर दोनच. सिनेमात फ्लॅशबॅक सुरू होताना जो आवाज यायचा तो. वर्षातून एकदा वापर.

सराव कसा करायचा हे तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, कारण नाहीतर हे पण पीडीएफमध्ये जमा होईल. बॅकिंग ट्रॅक पहिले दोन आठवडे नको. तानपुरा अ‍ॅप जी वर लाव, आणि त्यावर बी आणि एफ हे दोनच स्वर लूपरमध्ये, म्हणजे वाजवलेलं पुन्हापुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रात, फिरव. लूपर नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव. त्यावर एकेक स्वर आधी गळ्यातून काढ, मग गिटारवर. कोमल रे लाव आणि थांब, तो कुठं जायला बघतोय ते ऐक. कोमल ध चं तेच. कोमल ग तर फार गमतीचा आहे, खाली बी वाजत असताना तो आधी बेसूर वाटतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोड लागायला लागतो. आपल्या बाजूला लाइट जाते तेव्हा गिटार तशीच हातात ठेवून नुसतं गायचं, माझा निम्मा कान त्या अंधारात तयार झालाय.

त्यानंतर वरची नऊ स्वरांची ओळ बाराही पट्ट्यांत. दिवसाला एक पट्टी, घाई नाही. मग त्याच ओळीत एक स्वर बदल, पाचवा अर्धा ठोका उशिरा आण, शेवटचा जी ऐवजी ई वर उतर. ओळ बदलत जाऊ दे, पण उतरायची जागा आधी ठरव आणि मागं मोजत ये. मी अजूनही सोलो सुरू करण्याआधी मनात शेवटचा स्वर धरतो.

तोवर मोबाइलवर एक मिनिटाचं रेकॉर्डिंग कर: डी मायनर, जी सेव्हन, सी, चार वेळा फिरव. पहिल्या दोन फेऱ्या डी च्या शिवरंजनीवर, पुढच्या दोन सहा फ्रेट सरकवून. ऐकताना गिटारकडं लक्ष देऊ नको, सी येतो त्या क्षणी तू कुठं होतास तेवढंच बघ. आणि तुमच्या कीबोर्डवाल्याला एक चहा पाजून विचार, जी ची कॉर्ड धरताना तो प सोडायला तयार आहे का.